जेसीबीला एक दिवस, गांडुळाला वीस वर्षं

(या भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले ‘अं’ आणि ‘म्हणजे ना’ काढलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय. एसटीत रेंज जात असेल तर वाचा, घरी पोचल्यावर ऐका.)



आजचा भाग खरं तर वेगळ्याच विषयावर होणार होता. पण मे महिन्यात एका संध्याकाळी तात्यांचा, म्हणजे माझ्या चुलत्यांचा, फोन आला आणि विषय बदलला.

कराडजवळ आमचं गाव. उसाचं शेत, शेताच्या कडेनं ओढा, आणि ओढ्याला लागून दहा गुंठ्यांची राई. राई म्हणजे फार काही नाही हो. चार-दोन बाभळी, करंज, दोन जांभळं, एक जुनं उंबर, एक कडुनिंब, खाली निरगुडी आणि घाणेरीची जाळी. लहानपणी आम्ही जांभळं खायला जायचो, एवढाच तिचा उपयोग मला माहीत होता.

तात्या म्हणाले, “उद्या-परवा जेसीबी येतोय बघ. राई काढून टाकतो. दहा गुंठं मोकळं हुतील.”

मी म्हटलं, “का हो तात्या?”

“का म्हंजे? त्यात काय पिकतंय? पानं अन् सापच की. एकरी चाळीस टन धर, दहा गुंठ्यात दहा टन ऊस. टनाला तीन हजार धरलं तरी तीस हजार. तू देतीस का तीस हजार?”

आता याला काय उत्तर देणार? पुण्यात बसून ‘झाडं वाचवा’ म्हणणं सोपं आहे. शेत त्यांचं, कष्ट त्यांचे. मी एवढंच म्हटलं, “मी रविवारी येते, तोवर थांबा.” ते थांबले. मधल्या चार दिवसांत मी जे वाचलं, आणि रविवारी तिथं जे पाहिलं, तोच आजचा भाग.

राईत राहतं तरी कोण?

राईत गेल्यावर मी आधी वर बघितलं, सवयीनं. मग खाली बसले आणि पालापाचोळा हातानं बाजूला केला. वरचा थर कोरडा, कुरकुरीत. त्याखाली अर्धवट कुजलेली, जाळीदार झालेली पानं. त्याखाली काळी, भुसभुशीत, थोडी ओलसर माती. मे महिन्यात!

आणि त्यात गडबड चाललेली. हात लागताच गोल गुंडाळी करणारा वाणी, ज्याला काही ठिकाणी ‘पैसा’ म्हणतात. पळून जाणारी गोम. मुंग्या. मोहरीएवढी कोळ्याची पिल्लं. आणि नीट बघितलं तर टुण्णकन उडी मारणारे पांढरे-करडे ठिपके. ते ठिपके म्हणजे स्प्रिंगटेल. पोटाखाली दुमडून ठेवलेला एक फाटा झटक्यात सोडून ते उडतात. मिलिमीटर-दोन मिलिमीटरचे जीव, पण चांगल्या मातीत एका चौरस मीटरमध्ये ते हजारोंनी असतात.

मग तशीच माती उसाच्या सरीत उकरली. दोन मुंग्या आणि बऱ्याच वेळानं एक गांडूळ. एका खड्ड्यावरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मान्य. पण जगभरात शेत आणि शेजारचा झाडोरा यांची अशी तुलना झाली आहे, आणि चित्र बहुतेक वेळा असंच दिसतं.

पाठीचा कणा नसलेले हे सगळे मातीतले जीव. २०२३ साली काही शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, त्यांच्या अंदाजानं पृथ्वीवरच्या सजीवांच्या ५९ टक्के प्रजाती मातीत राहतात. यात बुरशी आणि जिवाणूही आले. म्हणजे निम्म्याहून जास्त जीवसृष्टी पायाखाली, आणि आपण रील बनवतो फक्त वाघाचं.

हे लोक करतात काय?

एक पान घ्या. जांभळाचं, जाड, चिवट. ते खाली पडलं. बुरशी आणि जिवाणू त्याला कुजवणार हे आपण शाळेत शिकलो. पण अख्खं पान त्यांना जड जातं. आधी त्याचे तुकडे व्हावे लागतात. हे काम वाणी करतो, दगडाखाली सापडणारे ते राखाडी गोळा होणारे किडे करतात, गांडूळ करतं. ते पान खातात, थोडं पचवतात, बाकीचं बारीक करून बाहेर टाकतात. आता त्या चुऱ्यावर बुरशीला बसायला जागाच जागा. स्प्रिंगटेल ती बुरशी चरतात, जशी गुरं गवत चरतात, त्यामुळे बुरशी ताजी वाढत राहते. आणि गोम, कोळी, जमिनीवरचे भुंगे या सगळ्यांची शिकार करतात. या साखळीत पानातलं नत्र, स्फुरद, पालाश हळूहळू मातीत मोकळं होतं.

यावर एक मस्त प्रयोग आहे. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या जुन्या शेती संशोधन केंद्रातल्या एडवर्ड्स आणि हीथ या दोघांनी तो केला आणि १९६३ मध्ये मांडला. ओकच्या पानांच्या चकत्या त्यांनी नायलॉनच्या जाळीच्या पिशव्यांत भरल्या आणि जमिनीत पुरल्या. काही पिशव्यांची जाळी मोठी, गांडूळही आत जाईल अशी. काहींची मध्यम, फक्त बारीक जीव जातील अशी. आणि काहींची इतकी बारीक की फक्त जिवाणू-बुरशीच आत जातील. कित्येक महिन्यांनी पिशव्या उघडल्या. मोठ्या जाळीतली पानं भराभर संपत गेली होती. सगळ्यात बारीक जाळीतली पानं? जवळजवळ तशीच्या तशी.

माती तीच, पाऊस तोच, जिवाणूही तेच. फक्त तुकडे करणारे नव्हते, तर काम अडलं.

आणि गांडुळाचं काय सांगावं! ‘काडू’ म्हणून आपण गळाला लावतो ते. चार्ल्स डार्विननं शेवटचं पुस्तक लिहिलं ते याच गांडुळांवर, १८८१ मध्ये. त्यानं हिशेब केला होता की इंग्लंडमधल्या बऱ्याच भागांत दर एकरी वर्षाला दहा टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. हे वाचलं आणि मला तात्यांचे दहा टन आठवले. डार्विनच्या दहा टनांना ना मजुरी लागते ना डिझेल. त्या बिळांतून हवा जाते, पावसाचं पाणी मुरतं, मुळांना वाट मिळते.

मग ते शेतातच का राहत नाहीत?

राहतात. अगदीच नाहीत असं नाही. पण शेतात त्यांना तीन गोष्टींची चणचण असते.

पहिली, जेवण. राईत वर्षभर काही ना काही गळतं. कधी बाभळीची बारीक पानं, कधी उंबराची मोठी, कधी फुलं, कधी सालं. मेनू बदलता. शेतात एकच पीक, आणि तोडणी झाली की पाचट पेटवून दिलं तर ताटच संपलं.

दुसरी, निवारा. गांडूळ कातडीतून श्वास घेतं आणि ती कातडी ओली असावी लागते. बरेचसे स्प्रिंगटेलही तसेच. कोरडं पडलं की मेले. आपल्याकडे उन्हाळ्यात उघड्या जमिनीचा वरचा पापुद्रा ५० अंशांच्या वर जाऊ शकतो. अनवाणी चालून बघा, कळेल. झाडाची सावली आणि त्याखाली पाल्याची गोधडी, अशी दुहेरी व्यवस्था राईत असते. आपल्याकडची बरीच गांडुळं उन्हाळ्यात खोल जाऊन गुंडाळी करून झोपतात आणि पावसाची वाट बघतात. मुळांमुळे पोकळ झालेल्या मातीत त्यांना खाली जाणं सोपं जातं.

तिसरी, शांतता. हे आपण विसरतो. रोटाव्हेटरचं पातं वरच्या चार-सहा इंचांत फिरतं, आणि बहुतेक वस्ती तिथंच असते. वर्षातून दोनदा तुमच्या घरातून बुलडोझर गेला तर तुम्ही संसार कसा कराल?

राई म्हणजे या जिवांचं माहेर समजा. शेतात हाल झाले, ऊन आलं, नांगर आला, की निदान बीज तरी इथं टिकतं. पाऊस पडला, शेतात पीक वाढून सावली झाली, की इथून ते परत पसरतात.

आपल्या जुन्या लोकांना यातलं काहीतरी कळलं होतं असं वाटतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला. अनेक देवरायांत नियम असा, की झाड तर तोडायचं नाहीच, पण वाळलेलं लाकूड आणि पालाही उचलायचा नाही. देवाची भीती म्हणून असेल, पण पाला जागेवर राहिला म्हणजे खालच्या सगळ्या पंगतीला जेवण मिळालं.

आता मुद्द्याची गोष्ट: अंतर

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ठीक आहे, आज राई काढू, पुढे गरज वाटली तर परत झाडं लावू. मलाही आधी असंच वाटलं होतं.

नेदरलँड्समध्ये समुद्र हटवून नवी जमीन तयार केली. अशा नव्या जमिनीत गांडुळं नसतात. तिथल्या कुरणांत संशोधकांनी मुद्दाम गांडुळं सोडली आणि ती किती वेगानं पसरतात ते मोजलं. उत्तर आलं वर्षाला साधारण दहा मीटरच्या आसपास.

दहा मीटर! क्रिकेटच्या खेळपट्टीच्या निम्म्याएवढं अंतर, अख्ख्या वर्षात.

आपली माती वेगळी, आपली गांडुळं वेगळी, तेव्हा आकडा थोडा इकडे-तिकडे होईल. ओढ्याच्या पाण्यातून, शेणखतातून, पायाला लागलेल्या चिखलातून त्यांचे अंड्यांचे कोष लांबही जातात. पण स्वतःच्या जिवावर गांडूळ काही मीटरच सरकतं. आमच्या राईनंतरचा पुढचा झाडोरा देवळामागे, अंदाजे दोनशे मीटरवर. भागाकार करा. वीस वर्षं. तेही मध्ये तणनाशक नाही, जाळपोळ नाही, रोटाव्हेटर नाही असं धरून.

जेसीबीला एक दिवस पुरतो.

म्हणून गावापासून पाच किलोमीटरवर मोठं जंगल आहे, याचा आमच्या सरीला या बाबतीत फारसा उपयोग नाही. लहान का होईना, पण राई जवळ हवी. इंग्लंडमध्ये हेच भुंग्यांच्या बाबतीत पाहिलं गेलं. तिथं मोठमोठ्या शेतांच्या मध्यापर्यंत मावा खाणारे भुंगे आणि कोळी वसंतात वेळेवर पोचत नव्हते, कारण ते थंडीत कडेच्या कुंपणात लपून बसत. मग १९८० च्या दशकाच्या शेवटी संशोधकांनी शेताच्या मधोमध गवताचे उंचवटे केले, आपल्या बांधासारखे. दोन-तीन वर्षांत तिथं शिकारी भुंग्यांची दाट वस्ती झाली. म्हणजे बांध ही वाया गेलेली जागा नाही, ती त्यांची वस्तीची एसटी आहे.

तात्यांची बाजू

आता प्रामाणिकपणे बोलू. तात्या अडाणी नाहीत. त्यांनी मला राईतच उभं करून तीन प्रश्न विचारले.

“हुमणीचं काय? भुंगेरं ह्याच कडुनिंबावर अन् बाभळीवर बसतात.” खरं आहे. पहिला वळीव झाला की संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर जमतात, पाला खातात, तिथंच त्यांचं मीलन होतं, आणि मग मादी मातीत अंडी घालते. त्याच्या अळ्या उसाची मुळं खातात. हे नुकसान मोठं असतं. पण कृषी खात्याचा जुना सल्लाही याच झाडांवर आधारलेला आहे: अंधार पडल्यावर फांद्या हलवा, पडलेले भुंगेरे गोळा करा आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाका. झाड म्हणजे शत्रू एका जागी गोळा होण्याचं ठिकाण. ते काढलं तर भुंगेरे देवळामागच्या कडुनिंबावर जातील. त्यांना पंख आहेत. दोनशे मीटर त्यांना काहीच नाही. गांडुळाला आणि वाण्याला पंख नाहीत. म्हणजे राई तोडली की शत्रू टिकतो आणि मित्र जातो.

“वाणी सोयाबीनची रोपं कुरतडतो त्ये?” हेही खरं. विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन आणि कपाशी उगवताना वाणी त्रास देतो, अशा तक्रारी येतात. त्याचं मूळ अन्न कुजका पाला. कोवळं रोप त्याला आयतं सापडतं तेव्हा तो ते सोडत नाही. म्हणून पेरणीनंतरचे पहिले काही दिवस लक्ष ठेवावं लागतं. वाळवीचंही तसंच. काही जाती उसाचं बेणं पोखरतात. पण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या भागात, जिथं गांडुळं नसतात, तिथं एका प्रयोगात मुंग्या आणि वाळवी ठेवलेल्या गव्हाच्या वाफ्यांचं उत्पन्न ३६ टक्के जास्त आलं. कारण त्यांच्या बिळांतून पाणी मुरलं. तेव्हा ‘किडा म्हणजे वाईट’ एवढं सोपं गणित नाही.

“अन् सावली? कडंच्या दोन सऱ्या बारीक राहत्यात.” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. राहतात. झाड पाणी आणि ऊन दोन्ही घेतं. ते नुकसान मान्य करूनच बोलायला हवं. माझं म्हणणं एवढंच, की तीस हजारांच्या हिशेबात दुसऱ्या बाजूचं काहीच धरलेलं नव्हतं.

गांडूळ विकत आणलं तर?

हा प्रश्न माझ्या चुलतभावाचा. “ताई, गांडूळखताची गांडुळं किलोवर मिळतात. सोडू की शेतात!”

गंमत अशी, की गांडूळखताच्या बेडमध्ये वापरतात ती बहुतेक आयसेनिया फेटिडा ही लाल गांडुळं. ती कचऱ्यात, शेणात, वरच्या थरात राहणारी. त्यांना खोल बिळं करायची सवयच नाही. साध्या शेतमातीत सोडली तर ती फारशी टिकत नाहीत. गांडुळांचे ढोबळ तीन प्रकार असतात: वरच्या पाल्यात राहणारी, मातीत आडवी-तिडवी फिरणारी, आणि खोल उभी बिळं करून वरचा पाला खाली ओढणारी. जमिनीला तिन्ही लागतात. गांडूळखत जरूर वापरा, ते खत आहे. पण किलोवर विकत आणून राईतली वस्ती उभी राहत नाही.

घरी करून बघा

आता तुमच्यासाठी काम. खर्च जवळपास शून्य.

दोन लिटरची कोल्ड्रिंकची रिकामी बाटली घ्या. वरचा एक तृतीयांश भाग कापा आणि उलटा करून खालच्या भागात बसवा, नरसाळ्यासारखा. नरसाळ्यात कांद्याच्या पिशवीची जाळी दोन पदरी करून ठेवा. तळाशी ओला टिश्यू पेपर. आता जाळीवर झाडाखालचा ओंजळभर पाला आणि वरची माती अलगद ठेवा. वर जुना पिवळा बल्ब असलेला टेबल लॅम्प लावा, वीतभर अंतर राखून, आणि लॅम्प चालू असेल तेव्हा खोलीत कुणीतरी असू द्या. एलईडी चालत नाही, कारण ऊब हवी. माती वरून वाळत जाते, जीव ओलाव्याकडे खाली सरकतात आणि टपाटप टिश्यूवर पडतात. दोन-तीन दिवस लागतात.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी. इटलीच्या बर्लेझे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याच्या भांड्यानं केली, स्वीडनच्या टुलग्रेन यांनी १९१८ मध्ये बल्ब लावला. आजही प्रयोगशाळांत हेच वापरतात.

एक बाटली झाडाखालच्या मातीची, एक शेताच्या किंवा सोसायटीतल्या उघड्या मातीची. शेजारी ठेवा, मोबाइलचा मॅक्रो मोड लावा, फोटो काढा. मग सगळ्यांना होते तिथं परत सोडून या. फोटो मला पाठवा, पुढच्या भागात बोलू.

आणि शेत असेल तर चार साध्या गोष्टी. पाचट जाळू नका, सरीत पसरू द्या. बांधावर तणनाशक मारू नका. झाडाखालचा पाला सगळाच्या सगळा झाडून नेऊ नका. आणि राईला लागून दोन हात पट्टा नांगराशिवाय सोडा, म्हणजे माहेर आणि सासर यांच्यात वाट राहते.

शेवट काय झाला?

रविवारी दुपारी आम्ही चहा पीत बांधावर बसलो होतो. बाटलीचा प्रयोग मी तात्यांच्या ओसरीवरच लावला होता. बुधवारी त्यांचा फोन आला. “ते बारीक बारीक उड्या मारायलेत की गं बाटलीत! हे आपल्या राईतलं?”

राई पूर्ण वाचली असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. शेताच्या बाजूचे चार गुंठे, जिथं फक्त घाणेरी माजली होती, ते तात्यांनी मोकळे केले. ओढ्याकडचे सहा गुंठे, सगळी मोठी झाडं आणि खालचा पाला, तसेच ठेवले. जेसीबीवाल्याला अर्ध्या दिवसाचे पैसे दिले. वळवानंतर दोन संध्याकाळी चुलतभावानं आणि त्याच्या मित्रांनी कडुनिंब हलवून बादलीभर भुंगेरे गोळा केले.

तात्या मला म्हणाले, “सहा गुंठ्यावर माझं लक्ष हाय. ऊस बारीक पडला तर तुझ्याच नावानं बिल फाडीन.”

म्हटलं, फाडा. पण खोडवा होईपर्यंत थांबा. गांडुळाला जरा वेळ लागतो.

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात. आणि हो, उद्या कुठल्याही झाडाखाली बसलात तर मिनिटभर फोन खिशात ठेवा आणि पाला बाजूला करून बघा.